कॅसिनो : महसूल एका राज्याचा, भार दुसऱ्याचा

(दिल्लीत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



जुगाराला कायद्याची मान्यता द्यावी काय, हा प्रश्न भारतीय राज्यव्यवहाराला नवा नाही. ऋग्वेदातील अक्षसूक्तात जुगाऱ्याच्या उद्ध्वस्त संसाराचे चित्र आहे. महाभारतातील द्यूतसभेत तर राज्यच पणाला लागते. राजाने द्यूत आपल्या राज्यातून हद्दपार करावे, असे मनुस्मृती सांगते. कौटिल्याने मात्र वेगळा मार्ग स्वीकारला. अर्थशास्त्रात त्याने ‘द्यूताध्यक्ष’ या अधिकाऱ्याची तरतूद केली. जुगार एकाच नियत ठिकाणी चालावा, अन्यत्र खेळणाऱ्यास दंड व्हावा, फाशांत लबाडी करणाऱ्यास शिक्षा व्हावी आणि जिंकलेल्या रकमेतील शेकडा पाच इतका भाग राजकोषात जमा व्हावा, अशी ही व्यवस्था होती.

बंदी आणि नियंत्रण या दोन परंपरा आजच्या धोरणचर्चेतही समोरासमोर उभ्या असतात. एक पक्ष नैतिकतेचा आधार घेतो. दुसरा पक्ष महसूल, पर्यटन आणि रोजगार यांचे दाखले देतो. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने या वादात आणखी एक प्रश्न विचारणे आवश्यक आहे. कॅसिनोतून मिळणारा पैसा ज्या सरकारच्या तिजोरीत जातो, त्याच सरकारच्या प्रजेला त्याची किंमत मोजावी लागते काय? हा खर्च आणि हे उत्पन्न दोन वेगळ्या राज्यांत पडत असेल, तर निर्णय घेणाऱ्या राज्याचा हिशेब अपुरा राहतो. अर्थशास्त्राच्या परिभाषेत यालाच बाह्य परिणाम असे म्हणतात. भारतातील कॅसिनोविषयक धोरणाची मुख्य अडचण येथेच आहे.

घटनात्मक चौकट

संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत ३४ व्या क्रमांकाची नोंद ‘पैज व जुगार’ अशी आहे. त्यामुळे कॅसिनोला परवानगी द्यावी की नाही, हा निर्णय राज्य विधिमंडळाचा आहे. सरकारी लॉटरी मात्र संघसूचीतील ४० व्या नोंदीखाली येते. म्हणूनच संसदेला लॉटरी (विनियमन) अधिनियम, १९९८ करता आला. कर आकारणीचा अधिकार पूर्वी राज्यसूचीतील ६२ व्या नोंदीत होता. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने ती नोंद बदलली आणि जुगारावरील कर वस्तू व सेवा कराच्या व्यवस्थेत सामावला गेला. परिणामी परवानगी राज्याच्या हाती, परंतु कराचा दर परिषदेच्या हाती, अशी विभागणी झाली. राज्याच्या स्वतःच्या अखत्यारीत मुख्यत्वे परवाना शुल्क उरले.

दुसरा भेद कौशल्याच्या आणि दैवाच्या खेळांचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमीला आणि १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतींना प्रामुख्याने कौशल्याचे खेळ मानले. रूलेटसारख्या खेळात मात्र खेळाडूच्या कौशल्याला वाव नसतो. चक्र कोठे थांबेल यावरच सारे अवलंबून असते.

या क्षेत्रातील पायाभूत निकाल १९५७ चा आहे आणि त्याचा संबंध जुन्या मुंबई राज्याशी आहे. बंगळूरुहून प्रसिद्ध होणाऱ्या एका साप्ताहिकातील शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धा मुंबई राज्यात लोकप्रिय होत्या. प्रवेशशुल्क मुंबई राज्यातील लोक भरत आणि पैसा म्हैसूर राज्यातील कंपनीकडे जाई. मुंबई सरकारने १९५२ मध्ये आपल्या कायद्यात दुरुस्ती करून बाहेरच्या नियतकालिकांनाही कर लागू केला. ‘मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही कारवाई वैध ठरविली. जुगार हा मूळच्या अर्थाने व्यापार नाही, त्यामुळे व्यवसायस्वातंत्र्याचे किंवा आंतरराज्य व्यापाराचे घटनात्मक संरक्षण त्याला मिळत नाही, हे तत्त्व या निकालाने प्रस्थापित केले. परीक्षार्थी सहसा एवढेच तत्त्व लक्षात ठेवतात. खटल्यातील वस्तुस्थितीही तितकीच बोधक आहे. जुगार एका राज्यात बसून चालविता येतो आणि खिसा दुसऱ्या राज्यातील माणसाचा रिकामा होतो, हे सत्तर वर्षांपूर्वीच न्यायालयासमोर आले होते.

महाराष्ट्र : पुस्तकातच राहिलेला कायदा

महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा अमलात आहे. तरीही साठच्या दशकात मुंबईच्या गिरणगावातून मटक्याचे जाळे पसरले. सुरुवातीला न्यूयॉर्कच्या बाजारातील कापसाच्या भावांवर आकडे लावले जात. पुढे चिठ्ठ्या व पत्ते काढून आकडा जाहीर होऊ लागला. बंदीमुळे जुगार नाहीसा होत नाही, हा अनुभव राज्याने घेतला. १९६९ मध्ये राज्य लॉटरी सुरू करण्यामागे लोकांना अवैध जुगारापासून वळविण्याचाही हेतू होता.

याच काळातील विचारप्रवाहातून १९७६ मध्ये महाराष्ट्र कॅसिनो (नियंत्रण व कर) अधिनियम संमत झाला. तो अमलात येण्यासाठी शासनाने अधिसूचना काढणे आवश्यक होते. ती कधीच निघाली नाही. पर्यटनवाढीसाठी कॅसिनो सुरू करावेत, अशी मागणी अधूनमधून होत राहिली आणि विषय उच्च न्यायालयापर्यंतही पोहोचला. अखेरीस ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हा कायदा रद्द करण्याचा निर्णय घेतला आणि सत्तेचाळीस वर्षे केवळ पुस्तकात राहिलेल्या या अधिनियमाचा प्रवास संपला. संमत कायदा आणि अंमलात आलेला कायदा यांतील फरक समजून घेण्यासाठी हे उदाहरण उपयुक्त आहे.

तथापि, या निर्णयाने महाराष्ट्रातील माणूस कॅसिनोपासून दूर गेला, असे म्हणता येत नाही. सिंधुदुर्ग किंवा कोल्हापूरहून पणजी काही तासांच्या अंतरावर आहे. महाराष्ट्राने महसूल नाकारला. खर्चाचा धोका मात्र त्याला नाकारता आला नाही.

गोवा : परवाना आधी, नियामक नंतर

गोव्याचा मूळ कायदाही १९७६ चाच आहे आणि तो जुगारबंदीचा आहे. १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत विद्युत यंत्रांवरील खेळांना आणि १९९६ च्या दुरुस्तीने किनाऱ्यापासून दूर जहाजांवर पत्ते, रूलेट आदी खेळांना परवानगी देण्याचा मार्ग खुला झाला. म्हणजे बंदीच्या कायद्यातच अपवादाचे कलम घालून हा उद्योग उभा राहिला. प्रत्यक्षात ही जहाजे पणजीलगत मांडवी नदीच्या पात्रात नांगरली गेली. ती तेथून हलवावीत, अशी मागणी नागरिकांनी वारंवार केली, आश्वासने मिळाली आणि मुदतवाढही वारंवार देण्यात आली.

या मुदतवाढींचे कारण केवळ राजकीय इच्छाशक्तीच्या अभावात शोधणे पुरेसे नाही. लोहखनिजाचे उत्खनन २०१२ मध्ये थांबले, तर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. लहान राज्याच्या उत्पन्नाचा एक आधार असा डळमळला की उरलेल्या स्रोतांचे मोल वाढते. दरवर्षी कोट्यवधी रुपयांचे परवाना शुल्क देणाऱ्या उद्योगावर कठोर अटी लादणे मग सरकारला जड जाते. नियंत्रण ठेवणारा आणि उत्पन्नावर अवलंबून असणारा एकच असतो, तेव्हा नियंत्रण सैल पडते.

कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती करून स्थानिकांच्या प्रवेशावर बंधन आणि गेमिंग आयुक्ताचे पद यांची तरतूद झाली. तिची अंमलबजावणी १ फेब्रुवारी २०२० पासून सुरू झाली आणि आयुक्ताचे काम वाणिज्य कर आयुक्तांकडे सोपविण्यात आले. जहाजांवरील खेळांना कायद्याने वाव मिळाल्यापासून हे पद प्रत्यक्षात येईपर्यंत दोन दशकांहून अधिक काळ लोटला आणि नियामकाची जबाबदारी आली ती कर गोळा करणाऱ्या अधिकाऱ्याकडेच.

स्थानिकांवरील प्रवेशबंदीचा अर्थ नीट लावला पाहिजे. आपल्या प्रजेला जे अपायकारक आहे ते बाहेरून येणाऱ्याला विकण्यास हरकत नाही, असे हे धोरण म्हणते. सिक्कीमनेही आपल्या रहिवाशांवर असेच बंधन घातले. त्या राज्यांच्या दृष्टीने ते समंजस आहे. कारण हरणाऱ्याचे कर्ज, मोडलेली बचत आणि घरातील कलह हे सारे विमानाने किंवा रेल्वेने दिल्ली, हैदराबाद, पुण्याला परत जाते. देशाच्या दृष्टीने मात्र ही हानीची निर्यात ठरते.

लॉटरीच्या बाबतीत कायद्याने या प्रश्नाचे उत्तर काही अंशी शोधले आहे. १९९८ च्या अधिनियमाने राज्याला परराज्यातील लॉटरीच्या विक्रीवर बंदी घालण्याचा अधिकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये त्याचा अर्थ असा लावला की, जे राज्य स्वतः लॉटरी चालवीत नाही त्यालाच इतरांची लॉटरी रोखता येईल. तिकीट सीमेवर अडविता येते. कॅसिनोकडे मात्र खेळणारा स्वतः चालत जातो. त्याला त्याचे राज्य अडवू शकत नाही.

कराचा पाया

कॅसिनोवरील कर समजण्यासाठी तीन रकमांतील फरक स्पष्ट असावा लागतो : खरेदी केलेल्या चिप्स, लावलेल्या एकूण पैजा आणि कॅसिनोकडे उरलेली रक्कम. युरोपीय पद्धतीच्या रूलेट चक्रावर ३७ घरे असतात. एका घरावर लावलेली पैज जिंकल्यास ३५ पट रक्कम मिळते. त्यामुळे दीर्घकाळात प्रत्येक शंभर रुपयांमागे सुमारे २.७० रुपये कॅसिनोकडे राहतात.

उदाहरणादाखल, एका खेळाडूने १०,००० रुपयांच्या चिप्स घेतल्या आणि शंभर-शंभर रुपयांच्या ३०० पैजा लावल्या, असे मानू. एकूण पैजा ३०,००० रुपयांच्या झाल्या आणि कॅसिनोचे अपेक्षित उत्पन्न सुमारे ८१० रुपये झाले. या उत्पन्नावर २८ टक्के कर लावला तर तो सुमारे २२७ रुपये होतो; चिप्सच्या खरेदीमूल्यावर लावला तर २,८०० रुपये होतो. दर तोच असूनही कर बारा पटींहून अधिक बदलतो.

वस्तू व सेवा कर परिषदेने २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये खरेदीमूल्याचा पाया स्वीकारला आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून तो २८ टक्के दराने लागू झाला. जिंकलेल्या रकमेतून पुन्हा लावलेल्या पैजेवर वेगळा कर नाही, हे त्याच वेळी स्पष्ट करण्यात आले. गोवा आणि सिक्कीम यांनी कॅसिनोच्या उत्पन्नावरच कर असावा, अशी भूमिका घेतली होती. दिल्लीचा आक्षेप ऑनलाइन खेळांवरील कराला होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर ४० टक्के झाला. वरील उदाहरणात कर आता ४,००० रुपये होतो.

एवढा कर खेळणाऱ्याला परावृत्त करू शकतो. त्याचबरोबर परवानाधारक मेज आणि फार्महाऊसवरील चोरटे मेज यांच्या किमतीतील अंतरही तो वाढवितो. चोरट्या अड्ड्यावर कर नाही, वयाची तपासणी नाही आणि व्यवहाराची नोंदही नाही. काळा पैसा प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत कॅसिनो २००९ च्या दुरुस्तीने आणले गेले. पण ही बंधने नोंदणीकृत संस्थेलाच लागू पडतात. म्हणून कराचा दर आणि पोलिसांची क्षमता यांचा विचार एकत्र व्हावा लागतो.

वाटणीचा भागही पाहणे आवश्यक आहे. या कराचा निम्मा हिस्सा केंद्राकडे जातो आणि विभाज्य निधीतून त्याचा काही अंश इतर राज्यांपर्यंत पोहोचतो. उरलेला निम्मा कर आणि संपूर्ण परवाना शुल्क कॅसिनो असलेल्या राज्याकडे राहते. खेळाडूच्या मूळ राज्याला त्याच्या हानीच्या प्रमाणात काही मिळत नाही.

राजधानी क्षेत्रातील पेच

हाच प्रश्न राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात अधिक तीव्र होतो. दिल्ली, गुरुग्राम, फरीदाबाद, नोएडा आणि गाझियाबाद ही आर्थिकदृष्ट्या एकच नगरी आहे. मेट्रोने सकाळी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कामाला जाणारे लक्षावधी लोक येथे राहतात. जुगाराचा कायदा मात्र तिहेरी आहे. दिल्लीत १९५५ चा सार्वजनिक जुगार अधिनियम आहे, उत्तर प्रदेशात १८६७ च्या ब्रिटिशकालीन अधिनियमाची परंपरा राहिली आणि हरियाणाने २०२५ मध्ये स्वतःचा नवा कायदा केला. मद्याच्या दरांतील तफावतीमुळे ग्राहक सीमेपलीकडे वळतो, हे या भागातील प्रत्येक रहिवाशाला ठाऊक आहे. यांपैकी एका राज्याने उद्या कॅसिनोला परवानगी दिली, तर शुल्क त्याला मिळेल आणि कर्जबाजारी झालेले कुटुंब कदाचित यमुनेच्या दुसऱ्या तीरावर असेल.

दिल्लीपुरता आणखी एक गुंता आहे. अनुच्छेद २३९ कक नुसार दिल्ली विधानसभेला राज्यसूचीतील विषयांवर कायदे करता येतात. परंतु सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस आणि जमीन या विषयांवर करता येत नाहीत. जुगाराची ३४ वी नोंद या अपवादांत नाही. म्हणजे कॅसिनोला अनुमती देण्याचा कायदा विधानसभेच्या कक्षेत येतो. त्यासाठी लागणारी जमीन आणि त्यावर नजर ठेवणारे पोलीस केंद्राच्या अखत्यारीत राहतात. कराचा दर परिषद ठरविते. अधिकार असा तीन ठिकाणी विभागलेला असताना चूक झाल्यास उत्तरदायी कोण, हे ठरविणे कठीण जाईल. राष्ट्रीय राजधानी क्षेत्र नियोजन मंडळ १९८५ च्या कायद्याने स्थापन झाले. पण त्याचे कार्य प्रादेशिक आराखडा व जमीनवापर यांपुरते आहे.

परदेशांचे दोन अनुभव

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने १९७६ च्या सार्वमतानंतर अटलांटिक सिटीत कॅसिनोंना मान्यता दिली. पहिला कॅसिनो १९७८ मध्ये उघडला. त्यातील कर वृद्ध व अपंगांच्या साहाय्यासाठी राखून ठेवण्यात आला. शेजारच्या राज्यांतून येणाऱ्या ग्राहकांवर शहराची भरभराट झाली. पुढे त्या राज्यांनीही आपला पैसा बाहेर का जाऊ द्यावा, असा विचार केला; पेनसिल्व्हेनियाने २००४ मध्ये कायदा केला. २०१४ च्या आरंभी अटलांटिक सिटीत बारा कॅसिनो होते. त्या एका वर्षात चार बंद पडले. एका राज्याची मक्तेदारी शेजाऱ्यांना अनुकरणास प्रवृत्त करते आणि शेवटी महसूल विभागला जातो, जुगाराची ठिकाणे मात्र वाढतात.

सिंगापूरने क्रम वेगळा ठेवला. समस्याग्रस्त जुगारावरील राष्ट्रीय परिषद २००५ मध्ये, नियंत्रणाचा कायदा २००६ मध्ये, नियामक प्राधिकरण २००८ मध्ये आणि कॅसिनो २०१० मध्ये, असा तो क्रम आहे. नागरिक व कायम रहिवाशांना प्रवेशासाठी दिवसाला १०० डॉलर आकारले जात. २०१९ मध्ये ते १५० सिंगापुरी डॉलर झाले. कुटुंबीयांना अर्ज करून आपल्या माणसाचा प्रवेश रोखता येतो. सिंगापूर हे नगरराज्य असल्यामुळे तेथील बराचसा लाभ आणि बराचसा खर्च एकाच सरकारच्या वाट्याला येतो. म्हणून त्याचे अनुकरण भारतातील एखाद्या राज्याने जसेच्या तसे करणे शक्य नाही. आधी नियामक, मग परवाना हा क्रम मात्र घेण्याजोगा आहे.

पुढील दिशा

विधी आयोगाने जुलै २०१८ च्या आपल्या २७६ व्या अहवालात या विषयाचा परामर्श घेतला. बंदी परिणामकारक करता येत नसेल तर नियमन हाच पर्याय उरतो, अशी त्याची भूमिका होती. पैजांच्या रकमेला मर्यादा, रोखीविरहित व्यवहार, आधार व पॅन यांच्याशी जोडणी आणि शासकीय अनुदानाच्या लाभार्थ्यांना प्रतिबंध अशा सूचना त्यात होत्या. ऑनलाइन क्षेत्रात संसदेने उलट दिशेने पाऊल टाकले. ऑनलाइन गेमिंगविषयक अधिनियमास २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा दैवाचे, त्याने निषिद्ध ठरविले. त्याला न्यायालयात आव्हानही देण्यात आले. गुरुग्रामच्या घरी भ्रमणध्वनीवर जो खेळ निषिद्ध, तोच मांडवीतील जहाजावर परवानाप्राप्त, अशी विसंगती त्यातून निर्माण झाली.

ती दूर करण्याची साधने संविधानात आहेत. अनुच्छेद २५२ नुसार दोन किंवा अधिक राज्यांनी ठराव केल्यास राज्यसूचीतील विषयावरही संसद त्यांच्यासाठी समान कायदा करू शकते. अनुच्छेद २६३ खालील आंतरराज्य परिषदेत शेजारी राज्यांना आपली बाजू मांडता येते. अशा कायद्यात तीन गोष्टी किमान असाव्यात. पहिली, नियामक संस्था महसूल खात्यापासून स्वतंत्र असावी आणि ती कार्यरत झाल्यावाचून परवाना दिला जाऊ नये. दुसरी, प्रवेशबंदीची नोंदवही राष्ट्रीय पातळीवर एकच असावी. करोलबागेतील किंवा कराडमधील पत्नीने केलेला अर्ज पणजीत आणि गंगटोकमध्ये सारखाच लागू व्हावा. तिसरी, परवाना शुल्काचा ठराविक हिस्सा व्यसनमुक्ती व कर्जसमुपदेशनासाठी राखून ठेवावा आणि तो खेळाडूंच्या मूळ राज्यांच्या प्रमाणात वाटला जावा. या अटी मान्य नसतील, तर महाराष्ट्राने निवडलेला नकाराचा मार्ग अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल.

मेघालयाने २०२१ मध्ये खेळ व जुगाराच्या नियमनाचा कायदा केला आणि चर्च व सामाजिक संघटनांच्या विरोधानंतर तो मागे घेतला. तेथे ज्यांना किंमत मोजावी लागली असती, त्यांचा आवाज त्यांच्याच सरकारपर्यंत पोहोचू शकला. दिल्लीतल्या किंवा कोल्हापुरातल्या कुटुंबाला गोव्याच्या विधानसभेत मत नसते. भावी प्रशासकांनी कॅसिनोच्या कोणत्याही प्रस्तावावर टिप्पणी लिहिताना महसुलाच्या आकड्याशेजारी या मताधिकार नसलेल्या कुटुंबासाठी एक स्तंभ मोकळा ठेवावा आणि तो भरल्याशिवाय फाईल पुढे पाठवू नये.